पहिला ओंडका मशीनवर घेण्याआधी एवढं वाच भावा

ओंडके चिरून फळ्या काढायचं पट्टी-करवतीचं मशीन घेतलंस ते बरं केलंस, पण पहिल्याच दिवशी बांधावरच्या बाभळीला हात घालू नको, आंब्याचा सरळ ओंडका घे, आणि आधी साल काढून चांगला घासून धू कारण सालीत माती-वाळू अडकलेली असते आणि तीच करवतीच्या पट्टीची धार खाते. बांधावरचं झाड म्हटलं की खिळा, तार असणारच, कुणीतरी कधीतरी जनावर बांधायला ठोकलेला असतो. लाकडात निळा-काळा डाग दिसला की थांब, आत लोखंड आहे समज. माझ्या तीन पट्ट्या अशाच गेल्या.

ओंडक्याचा शेंड्याकडचा भाग बारीक असतो, तो पाचर घालून उचल, म्हणजे गाभा दोन्हीकडं सारख्या उंचीवर येतो. फळी लाटेसारखी निघायला लागली तर जोर लावून ढकलू नको, पट्टी बोथट झालीय नाहीतर ताण कमी पडलाय. एक इंचाची फळी पाहिजे तर एक सूत (इंचाचा आठवा भाग) जादाच धर, सुकताना आकसते.

आंब्याला कीड आणि बुरशी लई लवकर लागते, तोडल्यावर महिनाभर पाडून ठेवू नको. फळ्यांच्या टोकांना रंग मार, थरांच्या मधे दीड-दोन फुटावर एकसारख्या लाकडी पट्ट्या घालून सावलीत रच, पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत आल्या पाहिजेत. आपल्याकडच्या पावसात वरून पत्रा टाक पण बाजूनं वारं खेळू दे.

आणि झाड तोडायची परवानगी, मशीनचं लायसन यासाठी वनखात्यात आधी जाऊन ये.