आईचे पाय सुजतात, गार पडतात. कोणतं तेल चोळावं?

सत्तरी ओलांडलेल्या आईचे पाय संध्याकाळी सुजतात, कधी गार पडतात, रक्ताभिसरणासाठी कोणतं तेल चोळावं, असं तुम्ही विचारलंय. तेलाचं नंतर बघू. आधी हे ओळखा, की अडचण रक्त पायात पोचण्याची आहे की तिथून वर परतण्याची. एकाचा उपाय दुसऱ्याला अपाय ठरतो.

सूज दिवसभर वाढते आणि सकाळी ओसरलेली असते, घोट्याच्या आतल्या बाजूची त्वचा काळवंडते, तेव्हा बहुधा शिरांचा म्हणजे परतीचा त्रास असतो. रक्त वर ढकलतात ते पोटरीचे स्नायू. खुर्चीत पाय लोंबते सोडून दोन तास टीव्ही पाहिला, की ते काम थांबतं. दर तासाला पाऊल घोट्यातून २०-३० वेळा वरखाली हलवायला सांगा. दुपारी आणि संध्याकाळी २० मिनिटं आडवं पडून पाय छातीपेक्षा उंच ठेवावेत. दाबाचे मोजे, म्हणजे पाय आवळून धरणारे घट्ट मोजे, सकाळी, सूज चढण्याआधीच घालायचे. वरची कड दुमडली तर तिथेच काचतं.

चालताना पोटरीत गोळा येतो, थोडं थांबलं की जातो, बोटं गार, जखम भरायला वेळ लागतो, तर धमन्या, म्हणजे पायात रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या, अरुंद झाल्याची शंका घ्या. इथे घट्ट मोजे धोक्याचे, आणि पाय उंच ठेवले की दुखणं वाढतं. म्हणून मोजे आणण्याआधी डॉक्टरांकडून एबीआय, म्हणजे घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर, काढून घ्या. ते ०.९ किंवा कमी आलं तर पुरवठा अडलाय. मधुमेहात धमन्या कडक झाल्या की आकडा फसवा, जास्तच येतो. हे डॉक्टरांना जरूर विचारा. तपासणीनंतर उपाय चालण्याचाच: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा, निदान १२ आठवडे. दुखतं म्हणून बसून राहिलं की चालण्याची ताकद आणखी घटते. मिश्री किंवा तंबाखू असेल तर ती बंदच.

तेलानं बरं वाटतं, त्वचा मऊ राहते, पण अडलेली धमनी उघडत नाही. पाय बधिर असतील तर गरम पाण्याची पिशवी नको, भाजलेलं कळतही नाही. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपीन चालू असेल तर सूज त्यानंही येते; मनानं गोळी सोडू नका, बदलून मिळते.

एकच पाय एकाएकी सुजून दुखू लागला तर गुठळी असू शकते. अजिबात चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. दोन्ही पायांच्या सुजेबरोबर धाप लागत असेल तर हृदय तपासायला हवं, तेही लगेच. आणि पाय अचानक पांढरा, थंडगार, बधिर पडला तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठा. काही तासांच्या उशिरानं पाय गमवावा लागतो.