चेलोवादक जॅकलिन द्यू प्रे यांची कारकीर्द इतक्या लवकर का संपली?

मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे. १९७१ च्या सुमारास त्यांच्या बोटांतली संवेदना कमी होऊ लागली. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं मोठं वाद्य. त्याला सतारीसारखे पडदे नसतात, स्वर कुठे आहे हे बोटालाच कळावं लागतं. शेवटी शेवटी तर हात कुठे पडतोय ते डोळ्यांनी बघत त्यांना वाजवावं लागे. १९७३ मध्ये जाहीर वादन थांबलं आणि त्याच वर्षी निदान झालं. वय अवघं २८.

जन्म १९४५, ऑक्सफर्ड. चार-पाच वर्षांच्या असताना रेडिओवर चेलो ऐकून त्यांनी आईकडे त्याच वाद्यासाठी हट्ट धरला. पुढे चेलोवादक विल्यम प्लीथ यांच्याकडे शिकल्या आणि १९६१ मध्ये, सोळाव्या वर्षी, लंडनच्या विग्मोर हॉलमध्ये पदार्पण केलं.

ऐकायचं असेल तर इंग्रज संगीतकार एल्गारच्या चेलो कॉन्चेर्टोचं (चेलो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेचं) १९६५ चं ध्वनिमुद्रण आधी ऐका. वाद्यवृंदाचे संचालक जॉन बार्बिरोली. सुरुवातीचे ते चार स्वरसमूह इतक्या निर्धाराने येतात की पुढे दुसऱ्या कुणाचं ऐकताना माझं मन आपोआप तुलना करतं. ही रचना आज इतकी लोकप्रिय आहे, त्यात त्यांचा वाटा फार मोठा.

१९६७ मध्ये त्यांनी पियानोवादक डॅनिएल बॅरेनबॉइम यांच्याशी जेरुसलेममध्ये लग्न केलं. १९६९ चं संगीतकार शुबर्टचं ‘ट्राउट’ पंचकही (पाच वाद्यांची रचना) जरूर पाहा, त्यात डबल बासवर मुंबईत जन्मलेले आपले झुबिन मेहता आहेत!

वादन सुटल्यावरही त्या शिकवत राहिल्या. १९८७ मध्ये, ४२ व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.