मोडी कागदांत रमलेल्या मुलीच्या आईला

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी रत्नागिरीत बीएच्या दुसऱ्या वर्षाला, विषय इतिहास, गणपतीला घरी आली आणि माळ्यावरच्या पेटीतले तुमच्या आजेसासऱ्यांचे मोडी कागद काढून बसली ती उठेचना, आता म्हणते मला सरकारी दप्तरखान्यातच काम करायचंय. आणि दीर म्हणतात जुने कागद झाडून पोट भरतं का, गपचूप बीएड करू दे. तुम्ही विचारताय हे खरंच करिअर आहे का.

आहे, ताई. राज्याचं पुराभिलेख संचालनालय आहे, मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, त्याची सुरुवात १८२१ ची. पुण्याचं पेशवे दफ्तर त्यांचंच, तिथे मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली गाठोडी, ठेवलेत. रुमाल सोडायचा, कागद कसर-वाळवीपासून वाचवायचा, कुठल्या खात्याचा कधीचा ते ओळखायचं, सूची करायची, स्कॅन करायचं, आणि मग कोणीतरी दारात येऊन विचारतो की आमच्या गावाचं काही आहे का, त्याच्या हातात नेमका कागद द्यायचा. मला विचाराल तर ही शेवटची पायरीच खरं काम आहे.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निघाले तेव्हा जुनी दप्तरं होती पण मोडी वाचणारी माणसं कमी पडली, आठवतंय ना? आपल्याकडे तर खोतीचे (गावचा सारा वसूल करायच्या वंशपरंपरागत हक्काचे) कागद, बोटखतं म्हणजे खोती गावांतल्या जमिनींच्या नोंदवह्या, कुळांच्या नोंदी, किती घरांचं काय काय त्यात अडकलेलं असतं. खोती गेली १९४९ च्या कायद्याने, कागद अजून लागतात. माझ्या मामांच्या कलमांच्या बागेची केस एका कागदावर अडली होती आणि ऑफिसातून उत्तर आलं की कपाट गळतीखाली होतं, लगदा झाला. त्या दिवशी मामा काही बोलले नाहीत, नुसते बसून राहिले. म्हणून तुमच्या मुलीसारखं कोणी दिसलं की मला फार बरं वाटतं.

आता अडचण पण सांगते. जागा थोड्या, जाहिरात कधी येईल नेम नाही, त्यामुळे एकाच दारावर बसून राहायचं नाही. आत्ता मोडी पक्की करू दे, पुराभिलेख खात्याचे वर्ग निघतात त्यावर लक्ष ठेवा. पेशवेकालीन वळण आलं म्हणजे इंग्रजी अमदानीतलं येतंच असं नाही, दोन्हींचा सराव हवा, शकाचा इसवी सन करणं (७८ मिळवायचे) तोंडपाठ हवं. मग एमए, आणि त्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा डिप्लोमा. सोबत कॉम्प्युटरवर कॅटलॉगिंग शिकली तर रिझर्व्ह बँकेचं पुण्यातलं अर्काइव्ह, टाटा, गोदरेज यांची स्वतःची अर्काइव्ह्ज आहेत, तिकडेही दार उघडतं. आणि एक माझं मत, जमलं तर पोर्तुगीज शिकू दे! पणजीचं दफ्तर आपल्याला किती जवळ, आणि मोडी व पोर्तुगीज दोन्ही वाचणारं माणूस फार क्वचित भेटतं.

पुढे मोठ्या पदावर गेली की वाचन कमी आणि भांडण जास्त, छप्पर गळतंय त्याला निधी मागा, वरच्यांना पटवा, शाळांना बोलवून प्रदर्शन लावा. लोकांसमोर बोलायची भीड आजपासून मोडायला हवी, गावच्या वाचनालयात पेटीतल्या चार कागदांवर बोलू दे ना तिला. दिरांनाही पुढे बसवा, त्यांच्याच आजोबांचे कागद आहेत.

बीएड वाईट नाही, पण एमएच्या आधी नको.

आणि ती पेटी. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक कागदाला पेन्सिलने बारीक नंबर, वहीत यादी, मोबाईलवर फोटो, मग सुती कापडात बांधून कोरड्या जागी. उन्हात वाळवू नका, लॅमिनेशन नको, आणि फाटला असेल तर फाटका राहू दे पण सेलोटेप कोणालाही लावू देऊ नका.