लाईन गेली, अपडेट अर्धवट राहिले

प्रश्न : झाडीपट्टीच्या नाटकांत मी गिटार वाजवतो. इफेक्ट प्रोसेसरचे (गिटारचा आवाज बदलणारे पायाजवळचे मशीन) फर्मवेअर, म्हणजे आतला मूळ प्रोग्राम, अपडेट करताना लाईन गेली. आता चालू केला की नुसता लोगो येतो, आणि लॅपटॉपलाही तो दिसत नाही. दिवाळीनंतर प्रयोग सुरू होतील. मशीन कायमचे गेले का?
– एक वाचक, वडसा परिसर

उत्तर : बहुधा नाही, धीर सोडू नका. अपडेटमध्ये आधी जुना प्रोग्राम पुसला जातो, मग नवा तुकड्यातुकड्याने लिहिला जातो. मधेच वीज तुटली की तो अर्धा राहतो, म्हणून लोगोपुढे गाडी सरकत नाही. पण नवा प्रोग्राम आत घेणारा छोटा बूटलोडर बहुतेक मशीनमध्ये वेगळ्या जागी असतो. तो शाबूत राहतो. अ‍ॅडॅप्टर काढा, मॅन्युअलमध्ये अपडेट मोडसाठी दिलेले फूटस्विच दाबून धरा आणि तसेच धरून अ‍ॅडॅप्टर लावा. मग लॅपटॉपला जोडून अपडेट पुन्हा सुरू करा. अंदाजाने मात्र कुठलेही स्विच दाबू नका. काही मॉडेलमध्ये दुसऱ्याच जोडीने फॅक्टरी रीसेट होते आणि तुमचे पॅच (साठवलेले आवाजांचे सेटिंग) जातात.

तरीही लॅपटॉपला दिसला नाही, तर पहिला संशय केबलवर घ्या. चार्जिंगच्या काही स्वस्त केबलमध्ये विजेच्या दोनच तारा असतात, डेटाच्या दोन नसतातच. तीच केबल मोबाईलला लावून लॅपटॉपवर फोटो उघडतात का पाहा. मशीनचे यूएसबी सॉकेट चौकोनी असेल तर प्रिंटरची केबल चालते. हब न वापरता थेट जोडा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह आले तर ड्रायव्हर (लॅपटॉपला मशीन ओळखू देणारा प्रोग्राम) पुन्हा टाका. रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर बंद ठेवा, ते मिडी पोर्ट (मशीन आणि लॅपटॉप यांच्या संवादाची वाट) अडवून बसते.

अपडेटची फाइल नेमक्या तुमच्याच मॉडेलची हवी. गावातल्या नेटवर ती अर्धवट उतरू शकते, म्हणून साइटवर आकार दिला असेल तर ताडून पाहा. झिप असेल तर आधी उघडा.

आता लाईनचे. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याला येणारी मेन लाईन आधीच बंद करून सगळे बॅटरीवर चालवा. मग लाईन आली-गेली तरी मधे झटका बसत नाही. लॅपटॉप पूर्ण चार्ज आणि स्लीप बंद. अ‍ॅडॅप्टर मशीनसोबतचाच घ्या. मशीनवर ९ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर लिहिले असताना २०० चा लावला तर दिवा लागतो, पण ऐन वेळी दम तुटतो. अपडेटचे टक्के एका जागी थांबले तरी १५ मिनिटे हात लावू नका.

अपडेट झाल्यावर मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तरच रीसेट करा. पॅचचा बॅकअप नसेल तर रीसेटआधी तो लॅपटॉपवर घ्या.