हेपॅटायटिस सी झालाय आणि शुगरही वाढलीय. दोन्हींचा काही संबंध असतो का?

वडिलांना हेपॅटायटिस सी (विषाणूमुळे होणारा लिव्हरचा म्हणजे यकृताचा आजार) निघाला, त्याच तपासणीत शुगरही वाढलेली सापडली आणि घराण्यात तर कुणालाच मधुमेह नाही, असं तुम्ही लिहिलंय. हेपॅटायटिसच्या गोळ्यांनी मधुमेहही जाईल का, हा तुमचा पुढचा प्रश्न. मी फिजिशियन आहे, हे दोन्ही आजार एकत्र असलेले रुग्ण पाहतो.

संबंध आहे. १९९४ साली सिरॉसिसच्या (लिव्हर कायमचं कडक, खडबडीत होण्याच्या) रुग्णांमध्ये तो पहिल्यांदा ठळकपणे दिसला. तेव्हा हा दोष खरंच विषाणूचा की सिरॉसिसचा, ही शंका रास्त होती, कारण सिरॉसिस कशानेही झाला तरी साखर बिघडतेच. पण २००० साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या आकड्यांत असं आढळलं की चाळिशीपुढच्या लोकांत हेपॅटायटिस सी असेल तर टाइप २ मधुमेह असण्याची शक्यता तिपटीहून जास्त. पुढच्या अभ्यासांत हा फरक कमी भरला, पण पुसला गेला नाही. हेपॅटायटिस बीच्या रुग्णांशी तुलना केली तरी सीवाल्यांत मधुमेह जास्तच दिसतो. म्हणजे नुसतं लिव्हर सुजणं एवढंच कारण नाही.

जेवल्यावर इन्सुलिन यकृताला सांगतं, आता साखर बनवू नकोस, साठव. हा विषाणू यकृताच्या पेशीत बसून तो निरोपच अडवतो. त्याचं एक प्रथिन, ज्याला कोअर प्रोटीन म्हणतात, इन्सुलिनचा संदेश पेशीच्या आत नेणाऱ्या रेणूंची मोडतोड घडवून आणतं. शिवाय दाह वाढवणारी रसायनं रक्तात फिरतात, त्यामुळे स्नायूही इन्सुलिनला दाद देईनासे होतात. स्वादुपिंड काही काळ जास्त इन्सुलिन ओतून निभावून नेतं. ज्याचं वजन आणि वय आधीच विरोधात आहे, त्याचं ते लवकर थकतं. उलट दिशेनेही हे चालतं: मधुमेह असला की लिव्हरमध्ये व्रणासारखे धागे लवकर वाढतात आणि लिव्हरच्या कॅन्सरचा धोकाही चढतो. म्हणून ‘आधी शुगर आटोक्यात येऊ दे, मग हेपॅटायटिसचं बघू’ हे मला अजिबात पटत नाही.

आता गोळ्या. हल्लीचा कोर्स बहुतेकांना ८ किंवा १२ आठवड्यांचा असतो आणि ९५ टक्क्यांहून अधिक लोक बरे होतात. (जुन्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांनी लोक हैराण व्हायचे, ते दिवस गेले.) विषाणू हटला की बऱ्याच जणांची साखर उतरते, कधीकधी कोर्स चालू असतानाच. इथेच सावध राहायचं. वडील इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेत असतील तर तोच डोस अचानक जास्त ठरू शकतो. घाम सुटला, हातपाय थरथरले, बोलणं असंबद्ध वाटलं, तर लगेच साखर तपासा. कमी असेल तर काहीतरी गोड द्या आणि डॉक्टरांना कळवा. डोस मात्र स्वतःहून कमी करू नका. मधुमेह कायमचा जाईल असं मी कुणालाही सांगत नाही. तो अनेक वर्षांचा असेल, पोट सुटलेलं असेल, तर विषाणू गेला तरी मधुमेह राहू शकतो.

सिरॉसिस असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीच्या एचबीए१सी तपासणीवर फार विसंबू नका. तांबड्या पेशी लवकर मरत असल्या की हा आकडा खोटा कमी येतो. हेपॅटायटिससाठी कधीकधी जोडीला दिलं जाणारं रिबाविरीन हे औषध चालू असेल तरीही तसंच. घरच्या ग्लुकोमीटरचे आकडे वहीत लिहून ठेवा. आणि बोट टोचायची सुई, ती धरणारं पेन आणि शक्यतो मीटरही वडिलांचाच वेगळा ठेवा, कारण हा आजार रक्तातून पसरतो.

कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए तपासणी (रक्तात खुद्द विषाणू आहे का ते पाहणारी) करायची असते. ती निगेटिव्ह आली की विषाणू गेला. नंतर कुणी साधी अँटीबॉडी तपासणी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं पाहणारी) केली तर ती पॉझिटिव्हच येईल, बहुधा आयुष्यभर. तेव्हा घाबरून पुन्हा औषध मागायला धावू नका, आरएनएचा रिपोर्ट जपून ठेवा आणि तोच दाखवा.