विंडोज अपडेटनंतर उबुंटू गायब? आधी हे बघ

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टिम) दोन्ही आहेत आणि आता थेट विंडोजच सुरू होतंय? घाबरू नकोस, उबुंटू बहुतेक जागच्या जागी आहे. अपडेटनंतर विंडोजने बूटच्या (सुरू होण्याच्या) रांगेत स्वतःचा नंबर पहिला लावून घेतलेला असतो, एवढंच. लॅपटॉप सुरू होतानाच एफ२ (काहींत एफ१० किंवा डिलीट) दाबून बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जा. बूट ऑर्डरमध्ये 'उबुंटू' दिसतंय का बघ आणि ते सगळ्यात वर आण. बऱ्याच वेळा काम इथेच होतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- थेट फॉरमॅट मारतात. डेटा जातो, वर मूळ दोष कळतच नाही.
- बायोसमध्ये बूटचा मोड यूईएफआयवरून (नवी पद्धत) लेगसीवर (जुनी पद्धत) नेऊन बघतात. दोन्ही सिस्टिम एकाच मोडमध्ये हव्यात, त्याला हात लावू नकोस.
- बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी न ठेवता सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणारी सेटिंग) बंद करतात. मग विंडोजही दारातच अडवतं. की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते बहुधा. आधी कागदावर उतरव.

यादीत उबुंटूचं नावच नसेल, तर उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून बूट हो, 'ट्राय उबुंटू' निवड आणि बूट-रिपेअर हे बूट दुरुस्त करणारं टूल टाकून चालव. ग्रबच्या (उबुंटूच्या बूट मेनूच्या) कमांडचं सध्या डोक्याला लावून घेऊ नकोस.

तरीही अडलं तर स्क्रीनचा फोटो टाक. नुसतं 'चालत नाही' म्हणून कुणाला काही सांगता येत नाही.