शेफर्ड घ्यावा की मॅलिनॉइस? आणि घरातल्या लॅबचं काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साताऱ्यात फ्लॅट आहे, घरी अडीच वर्षांचा लॅब (लॅब्राडोर) आहे, आणि आयजीपी, म्हणजे कुत्र्यांच्या कामाच्या कुवतीची परीक्षा घेणारा खेळ, खेळायची इच्छा आहे. त्यासाठी जर्मन शेफर्ड घ्यावा, बेल्जियन मॅलिनॉइस घ्यावा की आपला मुधोळ हाउंड, हे ठरत नाही. त्यात एक ब्रीडर 'आर्मी ब्लडलाइन'चं ३५ दिवसांचं मॅलिनॉइस पिल्लू द्यायला तयार आहे आणि रविवारपर्यंत ॲडव्हान्स मागतोय.

रविवारचं आधी बोलू. ते पिल्लू घेऊ नका. २०१७ च्या श्वान पैदास नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि ३५ दिवस म्हणजे जेमतेम पाच आठवडे. चावा कुठवर चालतो हे पिल्लू त्याच दिवसांत आईकडून आणि भावंडांकडून शिकत असतं. जो माणूस एवढं थांबत नाही त्यानं आई-बापाच्या खुब्याचे एक्स-रे काढले असतील असं मला वाटत नाही. 'आर्मी ब्लडलाइन' हे नुसतं बोलणं आहे. आई कुठंय, बाप कुठंय, दोघांनी आजवर काय काम केलंय, एवढं विचारा. तो 'इम्पोर्टेड' म्हणाला तर कागद नीट बघा, कारण व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणणं २०१६ पासून बंद आहे.

आता मूळ प्रश्न. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, कुत्र्यांवर पोट नाही. पण बारा-तेरा वर्षं या नादात आहे आणि पहिलं कुत्रं निवडताना सपशेल चुकलोय, म्हणून सांगतो.

तेव्हा मी शेफर्डची पाच पिल्लं बघायला गेलो होतो. दार उघडल्याबरोबर एक नर माझ्यावर भुंकत आला आणि पँटला लोंबकळला. ब्रीडर म्हणाला, "साहेब, हा डेरिंगबाज आहे." मी तिथल्या तिथं पैसे काढले. आत ओट्यावरून कुणाच्या तरी हातून पातेलं पडलं, दणकन आवाज झाला, पाचही पिल्लं चौफेर पांगली. एक बारकी मादी मात्र पाच-दहा सेकंदांत परत आली आणि पातेल्यात तोंड घालून चाटायला लागली. माझा डेरिंगबाज सोफ्याखाली गेला होता, त्याला हातानं ओढून काढावं लागलं. मी हसलो, पिशवीत घातला आणि घरी आणला.

आठ महिन्यांचा झाला तेव्हा टायगर गल्लीतल्या प्रत्येकावर भुंकायचा. लोक म्हणायचे, काय राखण करतंय! मलाही तेच वाटायचं. मग गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल आणि डीजे एकदम सुरू झाले, तसा तो जो एका उभ्या रिक्षाखाली घुसला तो दीड तास बाहेर आला नाही. दोन दिवस जेवला नाही. आयजीपीच्या ओबीडियन्स (आज्ञापालन) भागात कुत्रं काम करत असताना बंदुकीचे बार काढतात आणि आवाजाला बिथरणारं कुत्रं तिथंच बाद होतं. टायगरचा तो रस्ता त्या रात्रीच बंद झाला. भुंकणं हे त्याचं भेदरणं होतं, हे मला वर्षभरानं कळलं. अकरा वर्षं आमच्या अंगणात राहिला, आईचा फार लाडका होता. पण मी पातेलं चाटणारी सोडून सोफ्याखालचा उचलला होता.

म्हणून पिल्लं बघायला गेलात की घाबरतं कोण हे बघू नका, सगळीच घाबरतात. घाबरून परत येतं कोण आणि किती वेळात येतं, ते बघा. किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाका. गुळगुळीत फरशीवर, पत्र्यावर, प्लॅस्टिकच्या कागदावर चालवून बघा. पिल्लू एकेकटं अनोळखी खोलीत न्या, शेपूट कुठं जाते बघा. मग चुरगाळलेला कागद किंवा चिंधी लोळवा. मागं पळणारी बरीच निघतील. तोंडात धरून तुमच्याकडे घेऊन येणारं एखादंच असतं. दक्षिण आफ्रिकेत पोलिसी कुत्र्यांवर १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात आठ आठवड्यांच्या पिल्लाचं हे 'आणून देणं' पुढच्या कामाशी जुळताना दिसलं होतं. बाकी सात-आठ आठवड्यांच्या पिल्लावरून भविष्य सांगणाऱ्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. पहिल्यांदाच खेळत असाल तर दहा-बारा महिन्यांचं कुत्रं घेणं उत्तम. स्वभाव समोर दिसतो आणि खुब्याचा एक्स-रे काढून घेता येतो. पैसे जास्त जातात, पण दोन वर्षं वाढवल्यावर खुबा निकामी निघण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. खुब्याची प्रत ए पासून ई पर्यंत लावतात. ए किंवा बी असल्याशिवाय मी उड्यांच्या कामाला कुत्रं घेणार नाही.

इतर वाचणाऱ्यांसाठी खेळ थोडक्यात सांगतो. आयजीपी म्हणजे पूर्वीचं शुत्झहुंड, मधे त्याला आयपीओ म्हणायचे, २०१९ पासून हे नाव आलं. जर्मनीत शेफर्डमध्ये कामाची कुवत टिकून राहावी म्हणून ही परीक्षा सुरू झाली. तीन भाग असतात: माग काढणं, ओबीडियन्स आणि प्रोटेक्शन (राखण आणि चावा). प्रत्येकी १०० गुण आणि प्रत्येकात किमान ७० हवेत. म्हणजे चावण्यात कितीही वाघ असला तरी मागावर ६५ मिळाले की नापास. त्याआधी बीएच नावाची परीक्षा द्यावी लागते. त्यात पट्ट्यासह आणि पट्ट्याविना चालणं, बसणं आणि रस्त्यावरच्या गर्दीत शहाण्यासारखं वागणं बघतात. बीएचला कुत्रं किमान १५ महिन्यांचं लागतं, आयजीपी-१ ला १८ महिन्यांचं.

जातींचं म्हणाल, तर वर्किंग लाइनचा, म्हणजे कामासाठी पैदास केलेला शेफर्ड, त्यातही मादी, ही नवख्यासाठी माझी पहिली पसंती. ती चुका पोटात घालते. शो लाइनचा, म्हणजे प्रदर्शनांसाठी पैदास केलेला, घेऊ नका असं नाही, पण ज्याची पाठ घसरगुंडीसारखी उतरते आणि मागचे पाय बसल्यासारखे दिसतात त्याला परीक्षेतल्या भिंतीवर चढवताना मला तरी धडकी भरते. रॉटवायलर हा खेळ खेळतो. पण एवढं जड कुत्रं आपल्या उन्हात लवकर दमतं.

मॅलिनॉइसवर जरा थांबतो, कारण सगळ्यांना तोच हवा असतो. सुरक्षा दलांचे व्हिडिओ बघितले की मलाही हवाहवासा वाटतो. वजनानं हलका, नर २५ ते ३० किलोच्या घरात, त्यामुळे उड्यांना आणि उन्हाला बरा. शिकतो विजेसारखा. अडचण अशी की तुमची चूकही तितक्याच वेगानं शिकतो. 'आउस' (सोड) म्हणायला अर्धा सेकंद उशीर झाला असं दोनदा घडलं की तिसऱ्यांदा तो अर्धा सेकंद तो स्वतःच धरून चालतो. माझ्या एका मित्रानं बंद फ्लॅटमध्ये पाळला होता. सकाळी तासभर फिरवायचा, मग नोकरीला जायचा. पाच महिन्यांत कुत्र्यानं दाराची चौकट खाल्ली, गोल गोल फिरायची सवय लागली, आणि मित्राची बायको म्हणाली, "आता या घरात एक तर हा राहील नाहीतर मी." कुत्रं शेतावर गेलं. दोष कुत्र्याचा नव्हता. तुम्ही दिवसातले नऊ तास बाहेर असता असं तुम्हीच लिहिलंय. या घडीला मॅलिनॉइस तुमचा नव्हे.

मुधोळबद्दल आपल्या भागात अभिमान आहे, मलाही आहे. गाव मिरजेहून जमखंडीच्या पुढं, कृष्णेच्या खोऱ्यातलंच म्हणायचं. मालोजीराव घोरपडे सरकारांनी ती जात जपली, २००५ साली टपाल तिकिटावर आली, पुढं लष्करानंही घेतली. पण हे नजरेनं शिकार करणारं कुत्रं आहे. ससा दिसला की बाण सुटतो, आणि तो बाण तुमच्याकडे वळून बघत नाही. सहाशे पावलं नाक जमिनीला लावून चालायचं आणि मधेच थांबून मागावर टाकलेली वस्तू दाखवायची हे त्याच्या रक्तात नाही. एखादा करेलही. पहिल्याच कुत्र्याला त्या एखाद्याच्या भरवशावर बसू नका.

तसं बघितलं तर साताऱ्याला कुत्र्याचं कौतुक नवं नाही. संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगतात. आमच्या गटातली दोन पोरं तिथं जाऊन तो कुठल्या जातीचा होता यावर तासभर भांडली होती.

यापेक्षा मोठा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही, तो हेल्परचा. प्रोटेक्शनचं काम शिकवणारा जाणता माणूस तुमच्या आवाक्यात आहे का? नसेल तर कुठलंही कुत्रं आणून उपयोग नाही. हातावर पोतं गुंडाळून गल्लीतल्या पोराला पळवणं म्हणजे प्रोटेक्शन नव्हे. त्यातून एक तर माणसाला चावणारं कुत्रं तयार होतं, नाहीतर स्लीव्ह (चावायला दिलेली जाड बाही) बघून मागं सरणारं. मी महिन्यातून दोनदा पहाटेच्या गाडीनं पुण्याला जातो, संध्याकाळी परत. हे तुम्हाला जमणार आहे का, ते कुत्रं घ्यायच्या आधी चार-सहा वेळा रिकाम्या हातानं जाऊन बघा. तिथं दहा-बारा कुत्री काम करताना दिसतील, आणि त्यांची पिल्लं कधी होणार हेही तिथंच कळेल. माझी आत्ताची तारा मला अशीच मिळाली. तिच्या आईला मी दोन वर्षं मैदानावर बघत होतो.

आणि तोपर्यंत तुमचा लॅब. त्याला तुम्ही प्रश्नात एका ओळीत उडवलंय. अहो, बीएचला जातीची अट नाही. प्रोटेक्शन तो करणार नाही, पण नुसत्या मागाच्या वेगळ्या परीक्षाही असतात. नाक आणि भूक या दोन गोष्टी लॅबला देवानं भरभरून दिल्यात. तुमचे हात-पाय याच कुत्र्यावर बसू द्या.

करायचं असं. ऐन उन्हाळा सोडून, सकाळी साडेसहाच्या आत, दव असताना नांगरटीत किंवा गवताच्या तुकड्यावर जा. कुत्रं रात्रीपासून उपाशी हवं. कोंबडीची कलेजी उकडून नखाएवढे तुकडे करा. सुरुवातीला मीटरभराचा चौकोन तुडवा, त्यात पाच-सहा तुकडे टाका. मग टाचेला टाच लावल्यासारखी वीस पावलं सरळ चाला आणि प्रत्येक पावलात एक तुकडा ठेवा. शेवटी मूठभर ठेवून, उडी मारून बाजूला व्हा आणि लांबून वळसा घेऊन परत या. दहा मिनिटांनी कुत्रं लांब दोरीवर आणा. बोलू नका, ओढू नका, बोट दाखवू नका. नाक वर केलं तर फक्त उभे राहा. आयजीपी-१ चा माग तुम्हीच टाकलेला असतो, तीनशे पावलांचा. आयजीपी-३ ला अनोळखी माणसाचा, सहाशे पावलांचा आणि तासभर जुना. सगळ्याची सुरुवात या वीस पावलांत आहे. घरी आल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्या तपासून गोचीड काढा. गोचीड तापानं आमच्या गटातली दोन चांगली कुत्री गेली आहेत.

जागा मात्र विचारून घ्या. मी पहिल्यांदा माहुलीच्या अलीकडं एका रानात न विचारता शिरलो होतो. अंधुक उजेड, मी एकटा, खाली वाकून एकेका पावलाला कलेजीचा तुकडा ठेवत चाललेला. बांधावरून आवाज आला, "काय रं, उतारा टाकतुयास व्हय माझ्या रानात?" वर बघतो तर एक म्हातारबाबा हातात काठी घेऊन उभे. मी म्हटलं, "न्हाय आप्पा, कुत्र्याला शिकवतोय." त्यांनी कुत्र्याकडं बघितलं, कलेजीकडं बघितलं. "एवढी कलेजी? आन ती खायाला शिकवावं लागतंय व्हय?" मला उत्तर सुचेना. मग त्यांनी बांधावर बसून तो माग सबंध बघितला. तारा तेव्हा सहा महिन्यांची होती, बाराव्या पावलाला भरकटली आणि आपणहून परत मागावर आली.

त्या वेळेपासून ते रान आमचंच झालंय. सोयाबीन निघालं की आप्पाच निरोप धाडतात, नांगरट झालीय, घात हाय, आण कुत्री. येताना पाव किलो कलेजी जास्तीची आणायची, ती त्यांच्या घरच्या खंडूला. तो गावठी आहे, माग काढायला कुणी शिकवलेलं नाही, आणि आम्ही तिथून निघालो की राहिलेला एकेक तुकडा तो बरोब्बर वेचतो.